नखांवरचं वाळवण

घरी नखांवर नक्षी काढून पाहिलेल्या बहुतेकांचा निकाल ठरलेला असतो: आपल्याला चित्रकला येत नाही, हे काम पार्लरवाल्यांचंच. हा निकाल घाईचा आहे. फसलेलं नख पुसून टाकण्याआधी जरा जवळून पाहिलं तर काय दिसतं? रंगावर चादरीची वीण उमटलेली असते. मधोमध बारीक बुडबुडे असतात. कडेला रंग सुरकुतलेला असतो. छान जमलेली पांढरी रेघ वरून टॉप कोट फिरवताना फरफटत गेलेली असते. एवढं सगळं टळलंच, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाकडून टवका उडतो. यातला एकही दोष रेखाटनाचा नाही. ठिपका वाकडा आला म्हणून नख पुसावं लागणं तसं क्वचितच घडतं. तो ओला राहिला म्हणून पुसावं लागणं नेहमीचं. घरगुती नेल आर्ट हाताच्या कसबापेक्षा रंग वाळण्याच्या शास्त्रावर जास्त अवलंबून आहे, असं माझं म्हणणं आहे. ते शास्त्र कळलं की कोणती नक्षी घरी काढावी, कोणती सोडून द्यावी आणि बाजारातल्या कोणत्या वस्तूपासून चार हात लांब राहावं, हे प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतात.

सुरुवात बाटलीपासून करू. नेलपॉलिशचा मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातल्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. तो इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा झटकन उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवतात. पापुद्रा लवचीक राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, तो नखाला धरून राहावा आणि चमकावा म्हणून राळेसारखं रेझिन घालतात, मग रंगद्रव्य, आणि ते तळाशी बसू नये म्हणून खास प्रक्रिया केलेली थोडी चिकणमाती. ऐकायला हे प्रयोगशाळेतलं वाटतं, पण हा पदार्थ आपल्या घरात दुसऱ्या वाटेनेही आलेला असतो. फर्निचरवाला ज्याला एनसी लॅकर म्हणतो त्यातलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच. कपाटाला ड्यूको मारायचा की पॉलिश, असं सुतार विचारतो. तो ड्यूको मुळात 1920 च्या दशकात अमेरिकेत मोटारी रंगवण्यासाठी निघालेला नायट्रोसेल्युलोजचा रंग. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर चित्रित झाला तीही याच कुळातली. मोटारीचा लखलखीत रंग आणि नखाचा लखलखीत रंग हे चुलतभाऊ आहेत. चार्ल्स रेव्हसन, त्यांचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन यांनी 1932 मध्ये अमेरिकेत रेव्हलॉन कंपनी सुरू केली ती याच एका वस्तूवर. त्यांनी पारदर्शक रंगाऐवजी न विरघळणारी रंगद्रव्यं वापरली, त्यामुळे नख पूर्ण झाकणारे दाट रंग आले. एका रंगावर दुसऱ्या रंगाची नक्षी उठून दिसायची, तर खालचा रंग असा दाट लागतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. हा रंग ‘वाळतो’ म्हणजे नेमकं काय होतं? रासायनिक बदल कसलाच होत नाही. द्रावक उडून जातो आणि विरघळलेलं नायट्रोसेल्युलोज पापुद्रा होऊन मागे उरतं, बस. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालणाऱ्या घराला यातली खुबी समजावून सांगावी लागत नाही. जाड लाटलेला पापड वरून खडखडीत दिसतो आणि डब्यात गेल्यावर आतल्या ओलीने बुरसतो. नखावरच्या जाड थराचंही तेच. पृष्ठभागावरचा द्रावक आधी उडतो, वर साय धरते आणि खालचा द्रावक तिच्याखाली अडकतो. बाहेर पडायला धडपडतो तेव्हा बुडबुडे येतात. वरची साय ओल्या थरावर सरकते तेव्हा सुरकुत्या पडतात. बोट लावल्यावर कोरडं लागतं म्हणून आपण झोपायला जातो आणि सकाळी चादरीचा ठसा घेऊन उठतो. म्हणून एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. पहिला हात तर इतका पातळ हवा की मधूनमधून नख दिसावं आणि लावणाऱ्याला ते बघून थोडं वाईट वाटावं. दुसऱ्या हातात ते भरून निघतं.

याच गुणधर्माचं दुसरं टोक नक्षीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचं आहे. वाळताना रासायनिक बदल झालेला नाही, याचा अर्थ पापुद्रा पुन्हा विरघळू शकतो. रिमूव्हरने रंग निघतो तो म्हणूनच. पण ताज्या नेलपॉलिशमध्येही तोच द्रावक आहे, तेव्हा प्रत्येक नवा थर खालच्या थराला थोडा रिमूव्हरच असतो. खालचा थर पुरता वाळलेला नसेल तर नवा थर त्याला चक्क उकरतो. काळ्यावर पांढरा ठिपका राखाडी होतो आणि टॉप कोटच्या ब्रशमागे रेघ ओढली जाते, ते यामुळे. उपाय दोन. एक म्हणजे वाट पाहणं: पातळ हाताला काही मिनिटं, पण नक्षीच्या आधी तासभर, आणि सेलोटेप लावायची असेल तर त्याहूनही जास्त. दुसरा म्हणजे टॉप कोट ब्रशवर भरपूर घेऊन ब्रशचे केस नक्षीला न टेकवता थेंब पुढे ढकलत नेणं. नख घासलं जाता कामा नये. ब्रश एकदा गेला तिथे पुन्हा फिरवायचा मोह आवरायचा.

वाट पाहायची कुणाची तयारी नसते, त्यामुळे युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवा, ही त्यातली सगळ्यात लोकप्रिय. गारव्याने वरचा पापुद्रा कडक होतो हे खरं, पण गारव्यात द्रावक उडण्याचा वेग कमी होतो. म्हणजे नख वाळल्याचा भास वाढतो आणि वाळणं मागे पडतं. पंखाही जपून. भर वेगाच्या पंख्याखाली वरची साय लवकर धरते, आणि जाड थराला तर ते हमखास बाधतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याची आणखी एक तऱ्हा आहे. द्रावक उडताना नखाचा पृष्ठभाग किंचित थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चमक जाऊन पांढुरकी झाक येते. भर पावसात लॅकर मारायला सुतार कुरकुर करतो ते याच कारणाने. चांगल्या नेलपॉलिशमध्ये सावकाश उडणारा ब्युटाइल ॲसिटेट पुरेसा असतो म्हणून हा दोष कमी दिसतो, पण रिमूव्हर घालून पातळ केलेल्या जुन्या बाटलीत तो हटकून दिसतो. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतणं ही घरोघरची चूक आहे. रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असं बरंच काही असतं आणि पापुद्र्याची वीणच बिघडते. नेलपॉलिशसाठी वेगळा थिनर मिळतो, त्याचे दोन-चार थेंब पुरतात. नाही तर ती बाटली टाकून द्यावी.

नखाकडेही थोडं बघायला हवं, कारण आपला कॅनव्हास हलणारा आणि फुगणारा आहे. नख केराटिनचं असतं. ते पाणी शोषून किंचित फुगतं आणि सुकलं की आकसतं. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच रंग लावला तर तो फुगलेल्या नखावर बसतो. नख आकसतं, पापुद्रा तितका आकसत नाही, आणि टोकाला फट पडते. पार्लरमध्ये आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवतात, ते मऊ कातडी मागे सारायला सोयीचं असतं. रंग टिकायला त्याचा उपयोग नाही. घरी उलट करावं: हात कोरडे असताना बसावं, नखावरून रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवून तेलाचा अंश काढावा आणि मग बेस कोट द्यावा. बेस कोट टाळणारे नंतर पिवळ्या नखांची तक्रार करतात. गडद लाल रंगातले काही कण नखात मुरतात आणि ते घासून जात नाहीत. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, कापायची तर मुळीच नाही. ती तिथे शोभेसाठी नसून जंतूंना आत जाऊ न देणारी सीलबंद पट्टी आहे, आणि ती कापण्याच्या हौसेपायी नखुरडं झालेली बोटं कमी नाहीत.

इतकं झाल्यावर नक्षीची निवड जवळजवळ आपोआप होते. जी नक्षी कमीत कमी थरांत, कमीत कमी पुसापुशीत बसते ती घरची. ठिपका या कसोटीला पहिल्या नंबराने उतरतो. त्याला हत्यार विकत आणावं लागत नाही: केसांचा आकडा, संपलेल्या बॉलपेनचं टोक, पेन्सिलच्या खोडरबरात खोचलेली डोक्याची टाचणी, टूथपिक. कृती मात्र नीट समजून घ्यावी. बाटलीतून थेट ठिपका देऊ नये. प्लास्टिकच्या तुकड्यावर रंगाचा एक थेंब काढावा, टाचणीचं डोकं त्यात बुडवावं आणि नखाला काटकोनात टेकवून सरळ वर उचलावं. दाबायचं नाही, रंग स्वतःच पसरून गोल होतो, हे काम पृष्ठताण करतो. दर ठिपक्याला नव्याने बुडवलं तर सगळे ठिपके सारखे येतात. एकदा बुडवून ओळीने चार-पाच देत गेलं तर ते क्रमाने लहान होत जातात, आणि नखाच्या मुळापासून टोकाकडे निमुळती होणारी ओळ न मागता मिळते. मधे एक ठिपका, भोवती पाच, की फूल झालं. टूथपिकचं टोक ओल्या ठिपक्यातून हलकेच बाहेर ओढलं की पाकळी किंवा कोयरी. ठिपक्यांच्या रांगोळीत वाढलेल्या डोळ्याला पुढचं शिकवावं लागत नाही. एक ध्यानात ठेवायचं: ठिपका हा नखावरचा सर्वांत जाड थर असतो, त्यामुळे तो वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि टॉप कोटची घाई सर्वांत आधी त्यालाच नडते.

सरळ रेघ हाताने काढण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यासाठी सेलोटेप आहे. टेप आधी हाताच्या मागच्या बाजूला एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारायचा, मग पूर्ण वाळलेल्या नखावर लावायची, वरून दुसऱ्या रंगाचा एकच पातळ हात द्यायचा आणि तो ओला असतानाच टेप काढायची. वाळल्यावर काढली तर कडा फाटते. या पद्धतीने पैठणीचा नारळी काठ नखाच्या टोकाला छान बसतो, कारण तो ओळीने मांडलेल्या त्रिकोणांचा आहे आणि टेप कात्रीने नागमोडी कापून ठेवता येते. मुनिया काठ मात्र बसत नाही. पोपटाची चोच, पंख, शेपूट जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीत मावत नाही. मावलंच तर हातभर अंतरावरून हिरवा डाग दिसतो. पैठणी विणणाऱ्यांच्या कौशल्याची बरोबरी नखावर करायला जाणं हा अट्टाहास आहे, आणि पार्लरमध्ये पैसे मोजून करून घेतला तरी अट्टाहासच. 1920-30 च्या दशकांतली पाश्चात्त्य फॅशन या बाबतीत शहाणी होती. तेव्हा नखाच्या मुळाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर कोरी ठेवून मधलंच नख रंगवत. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे आठवड्याभरात रंग आणि कातडी यांच्यात डोळ्याला दिसेल इतकी फट पडते. कोर आधीच कोरी सोडली तर ती फट नक्षीतच जिरून जाते.

बारीक चित्र काढायचंच असेल तर वाळण्याचं गणित आपल्या बाजूने वळवणारी एक वाट आहे, आणि घरच्या नेल आर्टमधली सर्वांत उपयोगी युक्ती मी तिलाच म्हणेन. चित्र नेलपॉलिशने काढूच नये, पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाने काढावं. पाणी नायट्रोसेल्युलोजला विरघळवत नाही. त्यामुळे खालचा थर उकरला जात नाही, चित्र चुकलं तर वाळण्याआधी ओल्या इअरबडने पुसता येतं, आणि टॉप कोटचा द्रावकही या रंगाला सहसा ओढत नाही. वारली चित्राचं उदाहरण घ्या. गेरूसारख्या तांबूस-तपकिरी नेलपॉलिशचे दोन पातळ हात देऊन तासभर थांबायचं. मग टूथपिकच्या टोकावर पांढरा ॲक्रिलिक रंग अगदी कणभर घ्यायचा. आधी उलटा त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून खाली दुसरा, वर डोक्याचा ठिपका, हातापायांच्या चार रेघा. अंगठ्याच्या नखावर अशी एक आकृती ऐसपैस बसते, तीन बसवल्या तर गर्दी होते, आणि तारपा नाचाचं वेटोळं बसवायचा विचारही करू नये. पालघर-डहाणूकडच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी ही भाषा मुळातच त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्यावर उभी आहे, म्हणून ती इतक्या लहान जागेतही वाचता येते. 2011 मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांची चित्रं पाहिली की ठिपक्या-रेघांत किती हालचाल मावते ते कळतं. एक पथ्य मात्र पाळावं: लग्नचौकातली पालघट देवी तिथल्या सुवासिनींनी विधीने मांडायची असते. ती भिंतीवरच राहू द्यावी. नखाला नाचणारी माणसं पुष्कळ झाली. आणि रंग मुलांच्या शाळेच्या पेटीतला असला तरी तो त्वचेसाठी बनवलेला नसतो, तेव्हा तो नेलपॉलिशवरच लावावा आणि वरून टॉप कोटने पुरता झाकावा.

इथे हमखास येणारी हरकत अशी, की डाव्या हाताची नखं उजव्याने जमतात, उजव्या हाताची डाव्याने कशी काढायची? या अडचणीत तथ्य आहे, पण जेवढं वाटतं तेवढं नाही. डावा हात थरथरतो तो हवेत असताना. दोन्ही मनगटं टेबलावर टेकवून डाव्या हातातली टाचणी स्थिर धरली आणि उजवं बोटच तिच्याखाली सरकवलं, तर निम्मी थरथर जाते. उरलेली नक्षीच्या निवडीत जिरवावी: उजव्या हाताला ठिपके आणि टेप, बारीक चित्र एकाच नखावर, तेही डाव्या अंगठ्याच्या. कडेला सांडणाऱ्या रंगासाठी नखाभोवतीच्या कातडीवर आधी फेव्हिकॉलची पातळ रेघ लावून वाळवली की काम झाल्यावर ती सालीसारखी निघते आणि सांडलेला रंग घेऊन जाते. पाण्यावर रंगाचे थेंब सोडून त्यांची लहरदार नक्षी नखावर उचलण्याच्या पद्धतीला मात्र माझा पाठिंबा नाही. दिसते सुंदर, पण तिला ताजे, पातळ रंग लागतात, पाण्याचं तापमान सांभाळावं लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर थेंब पसरण्याआधीच पाण्यावर त्याची साय होते. दहा नखांना लागतो त्याच्या कितीतरी पट रंग वाया जातो.

सर्वांत वजनदार हरकत जेलची आहे. वाळण्याचीच कटकट असेल तर मिनिटभरात दिव्याखाली घट्ट होणारं आणि दोन आठवडे टिकणारं जेल पॉलिश घरी का आणू नये? ऑनलाइन किट मिळतं, सोबत दिवाही येतो. याचं उत्तर पुन्हा घट्ट होण्याच्या प्रक्रियेतच आहे. जेल वाळत नाही. त्यातले ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट रेणू अतिनील प्रकाशात एकमेकांना जोडले जाऊन त्यांचं जाळं होतं. जोडले न गेलेले मोकळे रेणू त्वचेच्या संपर्कात आले तर ॲलर्जी निर्माण करू शकतात, आणि घरी नेमकं तेच घडतं: जेल कडेला सांडतं, दिवा आणि जेल एकमेकांना साजेसे नसतात, थर जाड बसतो आणि तळाशी अर्धा कच्चा राहतो. बाहेरून मात्र तो कडक असतो, त्यामुळे कच्चेपणा कळायला मार्ग नाही. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्येच घरगुती जेल किटमुळे होणाऱ्या मेथाक्रिलेट ॲलर्जीबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघाने 2020 च्या नियमाने हेमा हा त्यातला घटक असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवली, आणि टीपीओ हा जेल घट्ट करणारा घटक 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केला. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत राहते, आणि तिचं क्षेत्र नखापुरतं नसतं. दातात भरायच्या सिमेंटमध्ये, सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये याच कुळातले रेणू असतात. दोन आठवड्यांच्या चमकेसाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही. शिवाय जेल निघायला त्रास होतो म्हणून लोक ते सोलतात आणि सोबत नखाचे पापुद्रेही निघून येतात. एखाद्या समारंभासाठी प्रशिक्षित हाताकडून जेल करून घेणं वेगळं. तेव्हाही अतिनील प्रकाशापासून त्वचेला वाचवण्यासाठी दिव्याखाली हात घालण्याआधी सनस्क्रीन लावावं किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घालावेत, असं अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात.

मग साधं नेलपॉलिश अगदी निर्धोक का? तसंही नाही. त्यातल्या रेझिनचीही काहींना ॲलर्जी होते, आणि गंमत म्हणजे ती बोटावर न दिसता पापणीवर किंवा मानेवर दिसते, कारण ओल्या नखाने आपण तिथेच हात लावतो. पापणी वारंवार सुजत असेल तर संशय काजळावर घेण्याआधी नखांवर घ्यावा. बाटलीवर अमुक रसायनांपासून मुक्त असं लिहिलेलं असतं, पण त्या आकड्यांची सर्वमान्य व्याख्या नाही. त्याच्यावर विसंबण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणं कामाचं. ‘नखांना श्वास घेऊ द्या’ हा सल्ला मात्र निराधार आहे. दिसणारं नख मृत असतं, त्याच्या मुळाला लागणारा प्राणवायू रक्तातून येतो. मधे खंड द्यायचा तो रिमूव्हरने आलेला कोरडेपणा भरून निघावा म्हणून.

आपल्या घरात नक्षीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते, आणि परदेशी फॅशनमधल्या सल्ल्यांचा इथे फारसा उपयोग नाही. टोकाला पांढरी पट्टी देण्याची फ्रेंच मॅनिक्युअरची तऱ्हा नाजूक दिसते. पण हाताने वरण-भात कालवणाऱ्या माणसाच्या बोटावर ती दोन जेवणांत पिवळी पडते. हळदीतलं कर्क्युमिन पापुद्र्यात मुरतं. ते उजेडाने फिकं होतं, त्यामुळे उन्हात हात धरल्यावर पिवळेपणा थोडा उतरतो, तरी पांढरा रंग पहिल्यासारखा होत नाही. रोज फोडणी करणाऱ्याने मातकट, मरून, गडद हिरवे रंग घ्यावेत. चिकटवायचे खडे तर घरच्या नक्षीत नकोतच: कणीक मळताना ते निखळतात आणि पोळीत जातात. टॉप कोट नखाच्या टोकावरून किंचित खाली वळवून कडा झाकली की भांडी घासतानाचे टवके बरेच कमी होतात. आणि हे सगळं करायला बसायचं ते गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर. द्रावकाची वाफ झटकन पेट घेते. नायट्रोसेल्युलोज तर त्याहून भडक. 2003 मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींना आग लागली तेव्हा मूकपटांच्या काळातला कितीतरी ऐवज गेला, तो याच पदार्थाच्या स्वभावामुळे. दिवाळीच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर नखं रंगवायला घेणं हा वेळेचा हिशेब चुकीचा आहे. दुपारी उरकावं, म्हणजे पणत्या लावेपर्यंत वाळतीलही.

काढताना कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर काही सेकंद नुसता दाबून धरावा आणि मग मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढावा. मागे-पुढे घासलं की रंग कडेच्या कातडीत बसतो. चमकी असेल तर कापसावर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून पाच मिनिटं थांबावं, नखाने खरवडू नये. मग हात धुऊन खोबरेल लावावं. पिवळेपणा उरला असेल तर लिंबू-सोडा चोळून नख कोरडं करण्यात अर्थ नाही, सहाएक महिन्यांत नख पूर्ण नवं येतंच. आणि घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नक्षी कितीही जमलेली असली तरी दवाखान्यात जाण्याआधी पुसून टाकावी, कारण बोटाला लावलेला ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पार करून रक्तातला प्राणवायू मोजतो, आणि काळ्या-निळ्या रंगाच्या थरातून त्याचा आकडा चुकू शकतो. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना नखांचा मूळ रंगही पाहायचा असतो.